लिंबाजीरावांचा पसरलेला तारा

त्रिकोण बंद होत नव्हता.

मांजरसुंब्याच्या वरच्या माळावर आमचा तळ पडला होता. संक्रांत होऊन गेली होती. खाली वावरांत ज्वारी हुरड्यात आली होती आणि मी टेकडीच्या माथ्यावर थिओडोलाइटशेजारी बसून तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो.

थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. आमच्या मोजणी खात्यात डोंगराळ भागात अंतर मोजायला साखळी ओढत बसणं परवडत नाही. तीन टेकड्यांवर तीन निशाणं लावायची, प्रत्येक टेकडीवरून बाकीच्या दोन निशाणांमधला कोन मोजायचा, आणि पुढचं काम गणिताने करायचं. तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी व्हावी लागते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ती तशी झाली की आम्ही म्हणतो, त्रिकोण बंद झाला. थोडा फरक चालतो. आमचा फरक चालण्यासारखा नव्हता.

अशा वेळची आमच्या कामाची एक रीत आहे. चूक कुठे बसली आहे हे ओरडून कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा वाचन घ्यायचं. आधी यंत्राची बाजू बदलायची, म्हणजे दुर्बीण उलटी फिरवून तोच कोन पुन्हा मोजायचा. यंत्रात खोट असेल तर ती इथे उघडी पडते. यंत्र ठीक निघालं. मग समोरचं निशाण वाऱ्याने कललं आहे का ते माणूस पाठवून बघितलं. निशाण सरळ होतं. उरला होता वाचन घेणारा.

दुर्बिणीतून निशाणावर नेम मी धरत होतो. वाचन घेत होते लिंबाजीराव. यंत्राच्या चकतीवर अंशांच्या रेघा असतात आणि तिला लागून एक सरकती बारीक पट्टी असते. तिला व्हर्निअर म्हणतात. दोन्हींवरची कोणती रेघ कोणत्या रेघेला अचूक भिडली ते बघून शेवटचा बारीक आकडा सांगायचा. त्यासाठी यंत्राला भिंगं असतात, पण आमचं एक भिंग पावसाळ्यात फुटलं होतं आणि नवं अजून यायचं होतं. लिंबाजीरावांना त्याचं काही वाटलं नव्हतं. ते गेली कित्येक वर्षं उघड्या डोळ्यांनी व्हर्निअर वाचत आले होते. मी खात्यात नवा होतो तेव्हा हे काम मला शिकवलं तेही त्यांनीच.

मी म्हणालो, "लिंबाजीराव, जरा तुम्ही नेम धरा. या खेपेला वाचन मी घेतो."

ते उठले आणि दुर्बिणीशी गेले. मी वाचन घेतलं आणि बेरीज केली.

"झाला का बंद?"

"झाला."

"मंजी मीच."

त्यांनी दुर्बिणीचं टोपण लावलं, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि खालच्या ज्वारीकडे बघत राहिले. चूक सापडली की आम्हाला हायसं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"पंत, तुमाला सांगणारच हुतो," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. येत्या बाजारी नेकनूरला जाऊन काढून घेतो. बोलणं करून आलोय."

"कुणाशी?"

"डोळेवाल्याशी."

आता हा डोळेवाला कोण, ते सांगायला हवं. त्या काळी आठवडी बाजारांतून डोळे बरे करणारे फिरते लोक बसत. बाहुलीमागे पांढरं मोती दिसू लागलं की हे लोक डोळ्यात सुई घालून ते मोती आत बाजूला ढकलत. त्याच घटकेला माणसाला उजेड दिसे. बघ्यांची गर्दी तोंडात बोट घाली. नंतर काय होई ते बघायला गर्दी थांबलेली नसे आणि डोळेवालाही पुढच्या बाजाराला गेलेला असे.

लिंबाजीरावांचं गाव दिंद्रुड. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच एकाने उघडला होता. भावाने समोर धरलेली बोटं मोजली, पोराचं तोंड बघितलं, अख्खा गाव रडला. महिन्याच्या आत डोळा सुजला, वाहिला आणि कायमचा गेला.

मी तेच म्हणालो. "थोरल्या भावाचं काय झालं ते विसरलात का?"

"त्येनं पथ्य मोडलं. वांगं खाल्लं."

"डोळेवाल्यानं सांगितलं?"

"समद्या गावानं सांगितलं."

"बीडच्या दवाखान्यात दाखवू. आधी डॉक्टर बघू दे."

"तिथं डोळा काडूनच ठेवत्यात म्हणं." त्यांनी हात झटकला. "आन् दाखवायचं काय त्यात? व्हर्निअर दिसंना, ते एक झालं. पण माझी खात्री त्येच्यावर न्हाई. माझा तारा पसरलाय."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. बारीक रेघा दिसेनाशा झाल्यापासून ते मनातून धास्तावले होते. म्हणून रोज संध्याकाळी जेवणानंतर तळाबाहेर जाऊन ते आपले डोळे ताऱ्यांवर तपासत. आधी कृत्तिका मोजायच्या. मग एकेक तारा घ्यायचा, तो टोकदार दिसतो का बघायचं. सगळे ठीक दिसत. फक्त वायव्येला एक होता, तो फुटलेल्या अंड्यासारखा पसरलेला. पहिल्यांदा दिसला तेव्हा ते डोळे धुऊन आले. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी तसाच.

"डोळेवाल्यानं इचारलं, रातच्याला उजेड पसरतो का? मी खरं त्ये सांगितलं. एक तारा पसरतो म्हनलं. त्यो म्हनला, आज एक, उद्या समदे. पिकत आलाय, आत्ताच पाडू."

दुसरा कुणी असता तर एका पसरट ताऱ्याकडे त्याने लक्ष दिलं नसतं. पण आमची जातच वेगळी. आम्ही आयुष्यभर टोकदार खुणांवर नेम धरतो. आमच्या लेखी जी खूण धूसर दिसते ती चूक असते. बघणाऱ्याची असेल, यंत्राची असेल, पण चूक. खुद्द खूणच धूसर असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येत नाही. लिंबाजीरावांच्या आलं नाही आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही आलं नाही.

इतक्यात नायबसाहेब चढ चढून वर आले. हे आमचे वरिष्ठ. औरंगाबादचे, साठीला टेकलेले, तोंडाने फटकळ.

"क्या पंत? दो रोज में एक तिकोन? मैं ऊपर क्या जवाब देऊं?"

"वाचनात फरक येत होता साहेब. सापडला."

"कहाँ था?"

मी घुटमळलो. लिंबाजीराव उभे राहिले. "माझ्या डोळ्यात साहेब."

नायबसाहेबांनी दम खाल्ला. मग आवाज उतरवून म्हणाले, "लिंबाजी, तुम्हारी आँख की तो मैं कसम खाता था जी."

"आता नका खाऊ."

"इलाज करा लेव. नहीं तो मेरे को दूसरा आदमी देना पड़ता. मजबूरी है."

"बाजारच्या दिवशी करतो साहेब."

बाजार परवावर आला होता.

त्या संध्याकाळी मी लिंबाजीरावांबरोबर तळाबाहेर गेलो. चंद्र नव्हता. माळावरचं आकाश ज्यांनी बघितलं आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. त्यांनी काठीने दाखवलं. शर्मिष्ठेचे पाच तारे उत्तरेकडे. त्यांच्या डावीकडे खाली देवयानीची ओळ. त्या ओळीच्या मधल्या ठळक ताऱ्यापासून दोन बारके तारे बाजूला निघतात. त्यातल्या शेवटच्या बारक्या ताऱ्याला लागून, ते म्हणाले, माझा तारा.

मी बघितलं. मलाही तो पसरलेलाच दिसत होता.

मी डोळे चोळले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. शेजारचा बारका तारा टाचणीच्या टोकासारखा आणि हा मात्र काचेवर फुंकर मारल्यासारखा. मला त्या वेळी स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटली, हे मान्य करतो. मग तळावरच्या भिकाजी शिपायाला हाक मारली. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "पुसल्यावानी दिसतंय."

"बघा," मी म्हणालो. "मला पसरलेला दिसतो, भिकाजीला पसरलेला दिसतो. एक तर सगळ्या तळाला मोतीबिंदू झाला, नाहीतर ती वस्तूच तशी आहे."

माझी अपेक्षा होती की ते हसतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पंत, तुमी लई चांगले हाव. साहेबांनी इचारलं तवा तुमी माझं नाव घेतलं न्हाई, कळत न्हाई का मला? आन् ह्यो भिक्या, मी बैल पिवळा म्हनलं तर पिवळा म्हनंल. माझं मन राखू नका. खोट्या वाचनानं त्रिकोण बंद करू नये, हे मीच शिकवलंय तुमाला."

ते तळाकडे निघून गेले. मी त्या अंधारात बराच वेळ बसलो. वस्तू पसरलेली आहे हे मला आता पटलं होतं. पण माझ्या पटण्याचा काही उपयोग नव्हता. ज्याच्या डोळ्यात सुई जाणार होती त्याला पटायला हवं होतं, आणि त्याचा माझ्या चांगुलपणावर इतका विश्वास होता की माझ्या शब्दावर राहिला नव्हता.

तेव्हा मला आमचीच एक दुसरी रीत आठवली. वाचनाबद्दल वाद झाला की दोन माणसांनी वेगवेगळं वाचन घ्यायचं. एकाने दुसऱ्याचा आकडा ऐकायचा नाही. मग दोन्ही शेजारी ठेवायची. यात मन राखायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी नायबसाहेबांकडे गेलो. यंत्र सरकारी. ताऱ्यांकडे लावायचं तर उत्तर दिशा ठरवण्यापुरतंच लावायची परवानगी होती.

"आसमान की पैमाईश?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "उधर की जमीन का पट्टा किसके नाम पे है पंत?"

मी सगळी हकिगत सांगितली. सुईचं आलं तेव्हा त्यांनी हातातला पानाचा विडा खाली ठेवला.

"अपने हाथ से आँख फोड़ लेने जा रा?"

"उद्या सकाळी."

"लगाव दुरबीन. पहले मैं देखूंगा."

लिंबाजीरावांना मी इतकंच म्हणालो, की सुई घालायचीच आहे तर डोळा किती बिघडलाय ते मोजून तरी घेऊ. मोजणीला ते कधी नाही म्हणत नसत.

दिवस मावळल्यावर मी यंत्र लावलं. ओढ्यातले तीन काळे चपटे दगड आणून ठेवले आणि हद्दीचे दगड रंगवायला आणलेल्या चुन्याचा डबा. प्रत्येकाने एकट्याने बघायचं. काय दिसलं ते बोटाने चुन्यात काढायचं, दगड पालथा घालायचा आणि तोंडातून शब्द न काढता बाजूला व्हायचं. आमच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, माणूस डोक्यावर उभा. पण ते सगळ्यांनाच सारखं उलटं दिसणार होतं, त्यामुळे अडचण नव्हती.

नायबसाहेबांनी बघितलं. शब्द काढायचा नाही हा नियम त्यांनी लगेच मोडला. "ये तो किसी ने दूध में उंगली डुबो के पोंछ दी!" त्यांना गप्प करून दगड पालथा घालायला लावला.

मग मी. दुर्बिणीत तारे आणखी टोकदार झाले होते आणि तो धब्बा आणखी मोठा. मधे उजळ, कडेला विरत गेलेला, एका अंगाला कललेला. त्याच्या कडेला चिकटून एक बारका ठिपका होता. तारा म्हणावा तर किंचित लोकरीसारखा. मी कललेला धब्बा काढला, एक ठिपका काढला, दगड पालथा घातला.

शेवटी लिंबाजीराव. ते फार वेळ डोळा लावून बसले. मधे डोकं थोडं सरकवायचे, पुन्हा बसायचे. मग दगड घेतला.

कंदील आणला आणि तिन्ही दगड उताणे केले. साहेबांच्या दगडावर कललेला धब्बा आणि एक ठिपका. माझ्यावर तोच कल, तीच बाजू, एक ठिपका. लिंबाजीरावांच्या दगडावर तोच कल, तोच ठिपका आणि धब्ब्याच्या पलीकडच्या अंगाला, जरा सुटा, आणखी एक पुसट डाग.

मग लिंबाजीरावच बोलले, अगदी शांतपणे.

"बघा. दोन वाचनं जुळली, माझं जुळंना. जादाचा डाग माझ्या डोळ्यातला."

त्यांना वाचवायला म्हणून लावलेलं यंत्र त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होतं. मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. त्या जागी टक लावून बघितलं. काही नाही, नुसता काळोख. साहेबांनी बघितलं. त्यांनाही काही नाही. खोटं बोलावंसं वाटलं, पण ते त्यांनी ओळखलं असतं.

चुलीकडून हाक आली. "जेवायचं हाय का आज कुनाला?"

या सोजराबाई, लिंबाजीरावांच्या पत्नी. तळावरच्या स्वयंपाकाचं बघायच्या. यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. डोळेवाल्याचंही नाही, ताऱ्याचंही नाही.

मी कंदील झाकला, दगड पालथे केले आणि म्हणालो, "वहिनी, जरा इकडे या. यातून बघा आणि काय दिसतं ते तुमच्या हाताने काढा. बोलू मात्र नका."

"मी?" त्या पदराला हात पुसत आल्या. "सरकारी हाय न्हवं त्ये? मोडलं तर?"

"बैठो बहन," नायबसाहेब म्हणाले. "मोडलं तर मेरे नाम पे."

"कंचा डोळा मिटू?"

"जो आवडेल तो."

त्या बसल्या. प्रथम म्हणाल्या काहीच दिसत नाही, मग दुर्बिणीवरून डोळा काढेनात. मी ओढ्यातला आणखी एक दगड पुढे केला. चुन्याचा डबा त्यांनी लांब सारला. हाताला ज्वारीचं पीठ होतंच. रांगोळीची चिमूट धरावी तसं त्यांनी पीठ धरलं आणि त्या अंधारात, बघत बघत, दगडावर सोडलं. आधी एक लांबट कललेला पट्टा. मग त्याला चिकटून एक ठिपका. मग त्या थांबल्या. पुन्हा दुर्बिणीत बघितलं. पुन्हा आल्या आणि पट्ट्याच्या पलीकडे, जरा अंतर सोडून, अगदी विरळ पीठ भुरभुरलं.

मी कंदील उघडला. त्यांचा दगड आणि लिंबाजीरावांचा दगड शेजारी ठेवला. एक चुन्याचा, एक पिठाचा. कल तोच. दोन्ही ठिपके त्याच बाजूंना. सुटा डाग तितकाच सुटा.

लिंबाजीराव खाली बसले. दोन्ही दगडांवरून त्यांनी बोट फिरवलं, न टेकवता, पीठ विस्कटू नये म्हणून.

"अगं, तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"काय सांगायचं त्यात? दिसतंय की. ह्यो चिकटून हाय त्यो धीट हाय. पलीकडचा लई लाजतोय. नीट बगाया गेलं की पळतोय, दुसरीकडं बगितल्यावानी केलं की हळूच येतोय."

मी दुर्बिणीकडे धावलो. त्यांनी सांगितलं तसं त्या जागेकडे न बघता जरा बाजूला बघितलं आणि तो आला. पुसट, लांबोळका, धुक्याच्या तुकड्यासारखा. सरळ बघितलं, गेला. बाजूला बघितलं, आला. पुढे कळलं की अगदी मंद उजेड डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला लवकर उमटतो. लिंबाजीरावांनी डोकं का सरकवलं होतं तेही तेव्हा लक्षात आलं. मी नेम धरावा तशी टक लावत होतो आणि ते नजर कडेला नेत होते, फरक होता तो असा.

"लिंबाजीराव," मी म्हणालो, "दोन माणसांना मोतीबिंदू होऊ शकतो. पण एकाच कलाचा, त्याच दोन बाजूंना तीच दोन पिल्लं घेऊन होत नाही. तो तारा नाहीच. ते जे काय आहे ते पसरलेलंच आहे. तुमचं वाचन बरोबर होतं. आमचं अपुरं होतं."

त्यांनी मान हलवली. पण अजून एक गोष्ट त्यांच्या मनात होती. "मग व्हर्निअर का दिसंना?"

"काय दिसंना?" सोजराबाईंनी विचारलं. "आन् मोतीबिंदू कुनाचा?"

तेव्हा सगळं सांगावं लागलं. डोळेवाला, नेकनूर, उद्याची सकाळ. बाईंनी ऐकून घेतलं. पुढे जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहीत नाही.

"डोळ्यात सुई घालून घ्यायाला निघालते! थोरल्या भावजींच्या डोळ्याला रोज मी गरम पाण्यानं शेकत हुते, तवा तुमी हितंच डोंगरावर हुते. कुनी सांगितलं वांगं खाल्लं म्हणून? वांगं मी त्या घरात केलंच न्हवतं!"

लिंबाजीराव खाली बघत होते.

"आन् डोळ्यांचं मला ठाव न्हाई व्हय? वरीस झालं, तुमाला सुई ववता येत न्हाई. रोज वाकळ शिवाया बसायच्या आधी मीच चार सुया ववून ठिवते, तुमाला हाक माराया लागू नये म्हणून. लांबचं डोंगरावरचं बकरू दिसतंय, हातातलं दिसत न्हाई. माझ्या बापाचं असंच हुतं. त्यानं काच लावली."

नायबसाहेबांनी आपला चष्मा काढला, शेरवानीच्या टोकाने पुसला आणि लिंबाजीरावांच्या नाकावर ठेवला. मग कंदील व्हर्निअरजवळ धरला.

"पढ़ो."

लिंबाजीराव वाकले. खूप वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी आकडा सांगितला. मी तपासला. बरोबर होता.

"चाळिशी है ये," साहेब म्हणाले. "मोती-वोती कुछ नक्को. उमर हुई मियाँ, उमर. मेरे को बीस साल से है, मैं किसी से आँख फुड़वाने गया क्या?" आणि चष्मा परत घेऊन, "दूसरा ले लेव. ये मेरा है."

मी डॉक्टर नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना बीडच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन्ही डोळे उजेडात बघितले आणि साहेबांचंच निदान इंग्रजीत सांगितलं. त्याआधी वाट वाकडी करून नेकनूरला बाजारात थांबलो होतो. डोळेवाला कापडावर हत्यारं मांडून बसला होता. लिंबाजीरावांनी नको म्हणून सांगितलं.

"तूच म्हनलास न्हवं तारा पसरलाय?"

"पसरलाय की. तुला पन पसरलेला दिसंल. आज बग."

डोळेवाल्याने वर बघितलं. भर दुपार होती. तो म्हणाला, "पुढच्या गिऱ्हाइकाला जागा द्या."

चाळिशी लागल्यावर लिंबाजीराव आणखी बरीच वर्षं व्हर्निअर वाचत होते. त्या मोसमातले आमचे बाकीचे त्रिकोण फारशी कटकट न करता बंद झाले. फुटलेल्या भिंगाच्या जागी नवं भिंग काम संपल्यावर आलं.

अलीकडे वर्तमानपत्रांत त्या धब्ब्याबद्दल वाचलं. मोठमोठ्या दुर्बिणींतून बघणाऱ्यांनी आता असं ठरवलं आहे, की तो आपल्या आकाशातला ढग नाही. आपली आकाशगंगा जशी अगणित ताऱ्यांची वसाहत आहे तशीच ती दुसरी वसाहत आहे, भोवऱ्यासारखी फिरलेली, आणि इतकी दूर की आपल्यासारख्यांपैकी ती सर्वांत जवळची असूनही तिचा आज इथे पोचणारा उजेड तिथून निघाला तेव्हा माणसाचा जन्मच झालेला नव्हता. तिच्या कडेचे ते दोन ठिपके म्हणजे तिच्याजवळच्या दोन लहान वसाहती. अंतराचा आकडा मी दोनदा वाचला आणि आमच्या साखळीत बसवून बघायचा नाद सोडून दिला.

दिंद्रुडला गेलो होतो तेव्हा लिंबाजीरावांना हे वाचून दाखवलं. ते आता ओट्यावर बसून असतात. दोन्ही डोळे शाबूत आहेत. सगळं ऐकून त्यांनी आत बघून हाक मारली, "अगं, त्ये शेजारचे दोन खरं निघाले म्हणं!"

आतून उत्तर आलं, "मग काय मी पीठ वाया घालवलं हुतं?"

खात्यात नवीन येणाऱ्यांना मी यातलं फारसं काही सांगत नाही. एवढंच सांगतो, की तुमच्या दोघांची वाचनं जुळली आणि तिसऱ्याचं जुळलं नाही, तर तिसऱ्याला घरी पाठवण्याआधी चौथ्याला बोलवा. तो कुणीही चालेल, फक्त त्याला आधी काही सांगू नका.